धातूला वाट हवी, अडसरही हवा

कळंबच्या तहसील कचेरीत गौण खनिजांच्या फायली चाळल्या तर तीनच नावं पुन्हा पुन्हा भेटतात: वाळू, मुरूम आणि दगड. मांजरेच्या पात्रातली वाळू, रस्त्याच्या भरावाचा मुरूम, खडी क्रशरला जाणारा काळा दगड. ज्यांना कायदा प्रमुख खनिजं म्हणतो ती लोखंड, मँगनीज, तांबं, जस्त, सोनं वगैरे मंडळी या फायलींत नाहीत. कळंबच काय, धाराशिव, बीड, लातूर या सबंध पट्ट्यात धातूची एकही खाण नाही. त्याच महाराष्ट्रात नागपूर-भंडाऱ्याकडे सव्वाशे वर्षं मँगनीज निघतंय, गडचिरोलीत सुरजागडचा डोंगर लोहखनिजाचा आहे, सिंधुदुर्गात कणकवलीजवळ क्रोमाइट आहे आणि कोल्हापूरच्या पठारांवर बॉक्साइट. ही वाटणी कशी झाली?

भूशास्त्राने या प्रश्नाला गेल्या दोन-अडीचशे वर्षांत जी उत्तरं दिली, त्यांचा हा आढावा आहे. तो कळंबमध्ये बसून घ्यायला कारण आहे. खाणीच्या गावात धातू का सापडतो हे सांगणं सोपं असतं, कारण उत्तर समोर उघडं पडलेलं असतं. धातू का सापडत नाही हेही ज्या सिद्धांताला सांगता येतं, तोच खरा.

ही उणीव जुनी आहे. कळंबपासून तीसेक किलोमीटरवर तेर, म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या जोडीने तगरचा उल्लेख येतो. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जायचं. त्याच ग्रंथात भडोचला बाहेरून उतरणाऱ्या मालाची यादी आहे, आणि तिच्यात तांबं, कथील आणि शिसं आहे. सातवाहनांनी शिशाची नाणी भरपूर पाडली. ते शिसं इथल्या काळ्या दगडातून निघालेलं नव्हतं, एवढं नक्की. आपण कापड द्यायचं आणि धातू घ्यायचा, हा व्यवहार दोन हजार वर्षांपूर्वीही चालूच होता.

काळ्या दगडात धातूच नाही, हा मात्र गैरसमज आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये वजनाने शेकडा नऊ-दहा भाग लोखंड असतं, सातेक भाग ॲल्युमिनियम असतं. तांबं टनामागे शंभर ते दोनशे ग्रॅम. तीन टन दगड भरलेली एखादी ट्रॉली येरमाळ्याच्या रस्त्याने जाताना दिसली तर तिच्यात पावणेतीनशे-तीनशे किलो लोखंड आणि अर्ध्या किलोच्या आसपास तांबं चाललंय असं खुशाल समजावं. सोनंसुद्धा असतं, टनामागे काही मिलिग्रॅम. अडचण अशी की हे सगळं दगडाच्या कणाकणांत विखुरलेलं आहे. ते वेगळं काढायला येणारा खर्च धातूच्या किमतीच्या कितीतरी पट होईल.

म्हणजे खाण ही धातू असण्याची जागा नव्हे, धातू गोळा झाल्याची जागा आहे. किती गोळा व्हावा लागतो, याचा हिशेब धातूगणिक बदलतो. लोहखनिज चांगलं म्हणायचं तर साठ टक्क्यांच्या पुढे लोखंड हवं, म्हणजे आपल्या दगडाच्या सहापट. तांब्याच्या खाणीत एक टक्का तांबं असलं तरी भागतं, पण तो एक टक्का म्हणजे बेसाल्टच्या पन्नास ते शंभरपट. मँगनीजला अडीचशे-तीनशेपट लागते. सोन्याला हजारपट. हजारपट गोळा करणारी यंत्रणा जमिनीच्या पोटात कुठून येते, हाच या शास्त्राचा गाभा.

गोळा करण्याचं काम कधी वितळलेला शिलारस करतो, कधी समुद्राच्या तळाशी बसणारा गाळ करतो, कधी नुसता पाऊस करतो. पण सर्वांत मोठा वाटा गरम पाण्याचा आहे. दोनशे-चारशे अंश तापमानाचं, मिठाने आणि गंधकाने भारलेलं पाणी कवचातून फिरतं तेव्हा खडकातले धातू थोडे थोडे विरघळवून घेतं. हे पाणी जिथे एकदम थंड होतं, उकळतं, दाब गमावतं किंवा चुनखडीसारख्या वेगळ्या खडकाला भिडतं, तिथे ते ओझं टाकून देतं. तेव्हा दोन गोष्टी लागतात. पाण्याला वर यायला वाट हवी आणि ती वाट कुठेतरी अडायला हवी. नुसतीच वाट मोकळी असली तर धातू समुद्रात जातो, नुसताच अडसर असला तर पाणी तिथवर पोचतच नाही. वाट म्हणजे भेगा, प्रस्तरभंग, दोन खडकांमधले सांधे. अडसर म्हणजे वळ्यांचे माथे, शेलचे थर, चुनखडी. या दोन्ही गोष्टी कवच मोडल्या-दुमडल्याशिवाय किंवा वेगवेगळे खडक एकमेकांना भिडल्याशिवाय मिळत नाहीत. रसायनशास्त्राने सुरू झालेला प्रश्न म्हणून शेवटी कवचाच्या रचनेपाशी येऊन थांबतो.

हे लक्षात यायला वेळ लागला. जॉर्ज ॲग्रिकोला हा जर्मन वैद्य सॅक्सनीतल्या खाणकामगारांत वावरला. त्याचा खाणींवरचा मोठा ग्रंथ १५५६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने, छापून निघाला. धातूच्या शिरा म्हणजे खडकात आधी पडलेल्या आणि नंतर भरलेल्या भेगा, हे त्याला कळलं होतं. पुढे अठराव्या शतकात फ्रायबर्गच्या खाणशाळेतल्या वेर्नरने सगळे खडक समुद्राच्या पाण्यातून बसले असं ठासून सांगितलं, तर स्कॉटलंडच्या हटनने सगळं श्रेय भूगर्भातल्या अग्नीला दिलं. दोघांचे शिष्य पुढची कित्येक वर्षं भांडत राहिले. आज पाहिलं तर दोघांच्याही पदरात अर्धं अर्धं सत्य होतं: पाणी वेर्नरचं आणि आच हटनची. १९१३ मध्ये वाल्डेमार लिंडग्रेनने साठ्यांची तापमान आणि खोलीनुसार वर्गवारी केली. ती इतकी सोयीची होती की अजूनही तिच्यातले शब्द खाणतज्ज्ञांच्या तोंडी आहेत. पण पाणी किती गरम होतं हे लिंडग्रेन सांगू शकायचा, ते तिथेच का गरम झालं हे नाही. ते उत्तर साठच्या दशकात भूपट्टांच्या सिद्धांताबरोबर आलं. १९७२ मध्ये रिचर्ड सिलिटो यांनी तांब्याचे मोठे साठे आणि एकमेकांखाली घुसणारे भूपट्ट यांची सांगड घालून दाखवली आणि या विषयाची भाषाच बदलली.

सिलिटोंचं उदाहरण अँडीजचं होतं. पॅसिफिकच्या तळाचा नाझ्का पट्ट दक्षिण अमेरिकेखाली घुसतो. सोबत समुद्राचं पाणी शोषलेले खडक नेतो, खोलवर ते पाणी सुटतं, वरचा थर वितळायला लागतो, आणि तो ओला, गंधकयुक्त शिलारस वर चढून पाच-सात किलोमीटरवर साचतो. तो गोठताना पाणी बाहेर टाकतो, भोवतालचा खडक असंख्य बारीक भेगांनी फुटतो, आणि भेगाभेगांत तांबं बसतं. चुकीकामाता, एस्कोंदिदा या चिलीतल्या खाणी अशाच. जगात दरवर्षी खाणींतून निघणाऱ्या तांब्याचा जवळपास चौथा हिस्सा एकट्या चिलीचा आहे तो या एका घुसखोरीमुळे.

पट्ट जिथे दूर सरकतात तिथली कथा निराळी. १९७९ मध्ये 'ॲल्व्हिन' या पाणबुडीतून मेक्सिकोजवळच्या पॅसिफिक कण्यावर उतरलेल्या शास्त्रज्ञांना समुद्रतळातून साडेतीनशे अंशांचं पाणी काळ्या धुरासारखं उसळताना दिसलं. तो धूर म्हणजे तांबं, जस्त, लोखंड यांच्या गंधकसंयुगांची पूड. सायप्रसच्या प्राचीन तांब्याच्या खाणी अशाच जुन्या समुद्रतळाच्या वर उचललेल्या तुकड्यात आहेत. या शोधाशी मराठी मुलखाचं नातं गोव्यातून जुळतं. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरचे मँगनीजयुक्त गोळे पहिल्यांदा वर काढले, आणि २०१६ पासून हिंदी महासागराच्या कण्यावर गंधकी साठे शोधण्याचा दहा हजार चौरस किलोमीटरचा परवाना भारताकडे आहे. त्या कामाची सूत्रं वास्कोच्या ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहेत.

भूपट्टांचा सिद्धांत तरुण डोंगरांवर छान बसतो. आपल्यासारख्या म्हाताऱ्या भूमीवर तो लावताना दमछाक होते, कारण इथले सांधे शे-दीडशे कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याहीआधी जुळले आणि वरचे डोंगर केव्हाच झिजून गेले. अँडीजमधल्यासारखे उथळ साठे तर डोंगराबरोबरच वाहून जातात. उरतात ते खोलवरचे. म्हणून विदर्भाकडे पाहायचं ते झिजून उघड्या पडलेल्या मुळांकडे पाहायचं.

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की रामटेकच्या अलीकडे मनसर येतं. वाकाटककालीन अवशेषांसाठी ते प्रसिद्ध आहे, पण मोठी वसाहत वसली ती मँगनीजमुळे. मनसर, कांद्री, गुमगाव, भंडाऱ्यातलं चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, पलीकडे मध्य प्रदेशात तिरोडी, उकवा, बालाघाट असा हा चंद्रकोरीसारखा वळलेला पट्टा आहे. (त्या बालाघाटचा आपल्या बालाघाट डोंगराशी नावापलीकडे काही संबंध नाही.) भूशास्त्रात याला सौसर पट्टा म्हणतात. १८९६ मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट इथे उतरली आणि तिच्याच वारशातून १९६२ मध्ये मॉइल ही सरकारी कंपनी उभी राहिली. मॉइलचं मुख्यालय आजही नागपुरात आहे.

इथलं मँगनीज मुळात समुद्राच्या उथळ पाण्यात वाळू-चिखलाबरोबर थरांनी बसलं. तेवढ्यावर थांबलं असतं तर ते पातळ, अशुद्ध थर राहिले असते. पण उत्तरेचा बुंदेलखंडाचा आणि दक्षिणेचा बस्तरचा असे दोन जुने भूखंड एकमेकांत दाबले गेले आणि मधला हा गाळ चेपला, तापला, घड्यांवर घड्या पडत गेला. सौसरची मोठी उलथापालथ सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीची धरतात. या दाबात चिखलाचे शिस्ट झाले, चुनखडीचा संगमरवर झाला, आणि मँगनीजच्या थरांतून ब्राऊनाइटसारखी कठीण, जड खनिजं तयार झाली. ज्या थरात वाळू जास्त होती तिथे मँगनीजचा गार्नेट आणि क्वार्ट्झ यांचा एक खास खडक बनला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लुईस ली फर्मर यांनी त्याला इथल्या गोंड लोकांवरून गोंडाइट हे नाव दिलं. त्यांचा १९०९ चा भारतीय मँगनीजवरचा अहवाल एवढा बारकाईने लिहिलेला आहे की शंभर वर्षांनंतरही या पट्ट्यात उतरणारा तो टाळून पुढे जाऊ शकत नाही.

खाणीत उतरल्यावर यातलं मर्म कळतं. घडीच्या दोन्ही बाजूंना ताणल्याने थर बारीक झालेला असतो आणि घडीच्या वळणावर दुमडून जाड झालेला असतो. त्या वळणाची दिशा आणि उतार ज्याला नकाशावर अचूक मांडता आला त्याला पुढची शंभर मीटर कुठे खणायचं हे कळतं. ज्याला नाही आला तो पैसे दगडात घालतो. समुद्राने धातू दिला आणि टकरीने तो खणण्याजोगा केला, असा हा दुहेरी व्यवहार आहे. माझ्या मते महाराष्ट्रात साठा आणि रचना यांचं नातं शिकायला मनसरइतकी चांगली शाळा दुसरी नाही.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. गोंदियापलीकडचं मलाजखंड हा देशातला सर्वांत मोठा तांब्याचा उघडा खड्डा. ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झच्या धाग्यांत बसलेलं ते तांबं अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचं. अँडीजसारखीच कुळकथा एवढ्या जुन्या काळात असू शकते का, यावर अजून मतभेद आहेत. सुरजागडचं आणि गोव्याचं लोह हे प्राणवायू नुकता वाढू लागलेल्या किंवा त्याहून जुन्या समुद्रांतून पट्ट्यापट्ट्यांनी बसलेलं. नंतर पावसाने त्यातली सिलिका धुऊन ते श्रीमंत केलं. सुरजागडच्या डोंगरावर माडिया समाजाचा ठाकूरदेव आहे आणि गोव्यात २०१२ मध्ये खाणी थांबल्या त्या बेकायदा उपशामुळे. धातू असणं आणि तो काढावा की नाही, हे दोन वेगळे निवाडे आहेत. भूशास्त्र त्यांतला पहिलाच देऊ शकतं.

आता आपल्या काळ्या दगडाकडे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, रियुनियनच्या तप्त बिंदूवरून भारत सरकत असताना, भेगांमधून लाव्हा उसळला आणि थरावर थर पसरत गेले. आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर ते भाकरीच्या चवडीसारखे आडवे पडून आहेत. विहीर खणणाऱ्याला ही चवड नेमकी ठाऊक असते: वर काळी माती, मग मुरूम, मग मऊ पोकळ्यांचा मांजऱ्या, खाली सुरुंगाशिवाय न हटणारा काळा फत्तर, मध्ये कुठेतरी गेरूसारखा लाल पट्टा, आणि पुन्हा मांजऱ्या. आडवं, न दुमडलेलं, न चेपलेलं. सौसरला जे दोनदा-तीनदा भोगावं लागलं ते दख्खनला एकदाही भोगावं लागलं नाही.

पण लाव्हाचं पठार म्हणजे धातूचा दुष्काळ, असाही नियम नाही. सैबेरियातही असंच, आपल्याहून मोठं आणि पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचं लाव्हाचं पठार आहे. तिथे नोरिल्स्कला निकेल, तांबं आणि प्लॅटिनम गटातल्या धातूंचे जगातले फार मोठे साठे आहेत. फरक गंधकाचा. सैबेरियातला शिलारस वर येताना गंधकयुक्त ॲनहायड्राइट आणि कोळशाचे थर भाजत आला. त्यातला गंधक घेतल्यावर शिलारसातून गंधकी द्रव तेलासारखा वेगळा झाला, त्याने निकेल-प्लॅटिनम ओढून घेतलं आणि तो जड द्रव वाटेतल्याच नळ्यांत खाली बसला. मराठवाड्यात लाव्हा आला तो जुन्या ग्रॅनाइट-नीसवर. त्यात घेण्यासारखा गंधक नव्हता. उत्तरेला नर्मदा-तापीच्या पट्ट्यात लाव्हाखाली गाळाचे जाड थर आहेत. दख्खनमध्ये नोरिल्स्क शोधायचंच असेल तर तिथे, कळंबमध्ये नव्हे. आणि दख्खनच्या काळातला एक साठा तर नर्मदेजवळ आहेच: गुजरातमधल्या अंबाडुंगरचा कार्बोनेटाइट. फ्लोराइट आणि दुर्मीळ मृदा धातू असलेला हा खडक लाव्हाच्याच सुमारास, पण नर्मदेच्या जुन्या ताणभेगेतून वर आला. वाट होती म्हणून आला.

दुसरी तुलना अमेरिकेतल्या मिशिगनची. तिथल्या कीविनॉ द्वीपकल्पात शंभर कोटी वर्षांहून जुन्या बेसाल्टच्या पोकळ्यांत चक्क शुद्ध तांबं भरलेलं आहे. तशाच पोकळ्या आपल्या मांजऱ्यात आहेत. विहिरीच्या उकरीत पडलेला एखादा दगड फोडला तर आत पांढरी, गुलाबीसर किंवा हिरवट स्फटिकांची गाठ निघते: झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी. जळगाव आणि पुण्याजवळच्या वाघोलीचे असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत, वाघोलीचा निळा कॅव्हान्साइट तर फारच नावाजलेला. पोकळी तीच, भरणा वेगळा. कारण कीविनॉचा लाव्हा एका खचत्या दरीत कित्येक किलोमीटर गाडला गेला, खोल तापलेल्या पाण्याने त्यातलं तांबं सोडवलं, आणि नंतर दरी दोन्ही बाजूंनी दाबली गेल्यावर ते पाणी वर रेटलं गेलं. आपला लाव्हा कधी तसा गाडला गेला नाही. झिओलाइट हीच खूण आहे की इथलं पाणी कोमट ते गरम एवढंच होतं, तांबं हलवण्याइतकं तापलं नाही.

काळ्या दगडाने एक धातू मात्र दिला, तोही उघड्यावर. कोल्हापूरच्या राधानगरी-शाहूवाडीकडच्या पठारमाथ्यांवर लाखो वर्षांच्या पावसाने बेसाल्टमधली सिलिका धुऊन नेली आणि ॲल्युमिनियम मागे ठेवून बॉक्साइट केलं. यातही भूपट्टांचा हात आहेच. पश्चिमेची जमीन तुटून सेशेल्सकडे गेली, काठ उंच राहिला, म्हणून तिथे पाऊस आणि निचरा दोन्ही मिळाले. कळंब त्या काठापासून लांब, पर्जन्यछायेत. इथे माती काळी झाली, तांबडी नाही.

आतापर्यंतचा निवाडा कळंबच्या विरोधात गेला. पण तो फक्त वरच्या चवडीपुरता आहे. चवडीखाली काय?

याचं उत्तर आपल्या जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजून मिळवलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. लोहारा-उमरग्याकडची गावंच्या गावं नव्याने वसवावी लागली. त्यानंतर किल्लारीजवळ घेतलेल्या ६१७ मीटर खोल बोअरमध्ये ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली आठेक मीटर गाळाचा थर, आणि मग जुना, स्फटिकी पायाचा खडक. कोयनेजवळच्या खोल बोअरमध्ये हाच बेसाल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास भरला. म्हणजे आपण पूर्वेकडे जातो तशी चवड पातळ होत जाते.

तो पायाचा खडक दक्षिणेला उघडा पडतो. शहाबादी फरशी नसलेलं घर मराठवाड्यात विरळाच. ती फरशी गुलबर्ग्याकडच्या ज्या भीमा खोऱ्यातल्या चुनखडीतून येते, ती नेमकी काळ्या दगडाच्या काठाशी आहे. त्याच खोऱ्यात गोगी इथे, ग्रॅनाइट आणि चुनखडी जिथे भिडतात आणि जिथून एक मोठा प्रस्तरभंग जातो, तिथे युरेनियम सापडलं आहे. वाट प्रस्तरभंगाची, अडसर चुनखडीचा. पाठ्यपुस्तकात घालावं असं उदाहरण. आणखी दक्षिणेला, कळंबपासून सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरवर, रायचूर जिल्ह्यातलं हट्टी. तिथे आजही सोनं निघतं. दोनएक हजार वर्षांपूर्वीच्या खाणकऱ्यांनी तिथे शंभर मीटरहून खोल मजल मारली होती. जवळच्या मस्कीचा अशोकाचा शिलालेख १९१५ मध्ये सापडला, तोही सोनं धुंडाळणाऱ्या एका इंजिनिअरला. हट्टीची कंपनी १९४७ मध्ये निजामी राजवटीतच निघाली. त्या वेळी कळंब आणि हट्टी एकाच संस्थानात होते.

हट्टीचं सोनं हरितपाषाणाच्या पट्ट्यांत, घसरणीच्या क्षेत्रांत बसलेलं आहे. ते कसं बसलं याचं आज सर्वांत पटणारं स्पष्टीकरण सिब्सन, रॉबर्ट आणि पोल्सेन या तिघांनी १९८८ मध्ये मांडलं. उलट्या दिशेने चढणारा प्रस्तरभंग सहजी सरकत नाही. त्याच्याखाली पाण्याचा दाब वाढत जातो; शेवटी खडक फुटतो, भूकंप होतो, पाणी वर झेपावतं, दाब एकदम पडतो आणि क्वार्ट्झबरोबर सोनं बसतं. भेग पुन्हा बुजते, दाब पुन्हा चढतो. हजारो भूकंपांनी एक शीर भरते. २०१३ मध्ये वेदरली आणि हेन्ली यांनी हिशेब करून दाखवलं की भूकंपाच्या क्षणी भेग उघडली की आतलं पाणी जवळजवळ तत्क्षणी वाफ होतं आणि विरघळलेलं सारं तिथेच टाकतं.

किल्लारीचा भूकंप याच जातीचा, एक बाजू दुसरीवर चढल्याने झालेला. त्याच्या उगमाखाली वीज सहज वाहून नेणारा थर असल्याचं हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये दाखवलं आणि तो द्रवाने भरलेल्या भेगांचा असावा असा अर्थ लावला. यावरून कुणी किल्लारीखाली सोनं आहे अशी आवई उठवली तर ती लगेच झटकून टाकावी. आज तिथे खोलवर काही साठत असलंच तर ते वर उघडं पडायला कोट्यवधी वर्षांची धूप लागेल. शिवाय त्या बोअरमध्ये लागला तो नीसच्या जातीचा खडक, हरितपाषाण नव्हे. पण एक गोष्ट खरी. लाव्हा येण्याआधी हा जुना पाया झिजून झिजून सपाट झालेला होता, हट्टीचा झिजला तसाच. हट्टीला खोलवरचं सोनं उघडं पाडणारं काम इथेही झालेलं आहे; फक्त नंतर वर झाकण पडलं. कर्नाटकातून उत्तरेकडे येणारे जुने पट्टे काळ्या दगडाच्या काठाशी संपत नाहीत, त्याखाली शिरतात.

मग शोधायचं कसं? १९७२ नंतर उपग्रहाची छायाचित्रं आली आणि नकाशांवर रेघा मारण्याची लाटच उठली: दोन रेघा छेदल्या की तिथे साठा. या पद्धतीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पुरेशा रेघा मारल्या की कुठलंही शेत कुठल्यातरी छेदाजवळ येतंच. तरी एक उदाहरण या मताला आडवं येतं. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं ऑलिम्पिक डॅम, तांबं-युरेनियम-सोन्याचा प्रचंड साठा, १९७५ मध्ये तीन-साडेतीनशे मीटर गाळाखाली सापडला. तिथे रेघांचा आधार घेतला होता. जोडीला गुरुत्व आणि चुंबकत्वाच्या मोजण्या होत्या. गंमत म्हणजे शोधकांनी मनात धरलेलं कारण चुकीचं निघालं, जागा मात्र बरोबर. अलीकडचं, २०२० मधलं एक काम अधिक भरवशाचं वाटतं: गाळाच्या खडकांतल्या शिसं-जस्त-तांब्यापैकी सुमारे ८५ टक्के धातू शिलावरणाची जाडी जिथे झपाट्याने बदलते त्या काठापासून दोनशे किलोमीटरच्या आत आहे. रेघांपेक्षा काठ बोलका असतो.

ऑलिम्पिक डॅमवरचं झाकण आणि किल्लारीचं झाकण जवळपास सारख्या जाडीचं आहे, पण आपली अडचण मोठी. गाळ चुंबकीय नसतो, म्हणून त्याखालचं दिसलं. बेसाल्ट चुंबकीयही आहे आणि जडही. खालचा इशारा तो स्वतःच्या गोंगाटात बुडवतो. १९७३ मध्ये गुरुत्वाच्या नोंदींवरून कृष्णब्रह्मम आणि नेगी यांनी दख्खनच्या लाव्हाखाली कोयना आणि कुर्डुवाडी अशा दोन गाडलेल्या खचदऱ्या असाव्यात असं सुचवलं. कुर्डुवाडीहून लातूरला जाणारी आपली रेल्वे त्याच मुलखातून जाते. खचदरी असेल तर वाटाही असतील, गाळही असेल. पण नुसत्या गुरुत्वावर हा वाद मिटणारा नाही, बोअर घेऊनच मिटेल. आणि शोधाचा पैसा ओतायचा तर आधी चवड पातळ आहे त्या पूर्व आणि दक्षिण काठावर ओतावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कळंबचा नंबर त्यानंतरचा.

यात सामान्य माणसाला एक काम करता येईल. किल्लारीला पाया लागला तो साधारण ११३५ फुटांवर. आपल्याकडे पाण्यासाठी बोअरची गाडी आठशे-हजार फुटांपर्यंत जातेच. राज्याच्या भूजल कायद्यात साठ मीटरहून खोल विहिरींवर बंधनं आहेत, तरी जाते. बोअर चालू असताना बाहेर फेकली जाणारी भुकटी काळी-करडी असते, लाल पट्टा लागला की विटकरी होते. उमरगा, लोहारा, औसा भागात कुणाच्या बोअरमधून तिच्याऐवजी पांढरट-गुलाबी, अभ्रकाने चमकणारी भुकटी निघाली, तर समजावं की काळा दगड संपला. ती मूठभर भुकटी कोरड्या पिशवीत भरावी, वर गट नंबर आणि किती फुटांवर निघाली ते लिहावं, आणि धाराशिव किंवा लातूरच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयातल्या भूवैज्ञानिकाकडे नेऊन द्यावी.